फळबाग : आधी जमीन, मग वाण

गावाकडील दोन-चार एकरांत फळबाग फुलविण्याची ओढ शहरात नोकरी करणाऱ्या अनेकांना असते. बहुधा बाजारात ज्या फळाला भाव, त्याचीच कलमे आणली जातात. ज्वारीचे वाण चुकले तर एक हंगाम जातो. आंब्याचे वा संत्र्याचे चुकले, तर ते उमगेपर्यंत पाच-सहा वर्षे सरलेली असतात. म्हणूनच वाणाची निवड जमीन आणि हवामान पाहूनच करावी लागते.

आंबा
हापूसची ख्याती रत्नागिरी-सिंधुदुर्गातील जांभ्या, उत्तम निचऱ्याच्या जमिनीशी आणि समुद्रकाठच्या दमट हवेशी जोडलेली आहे. २०१८ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकनही कोकणातील पाच जिल्ह्यांपुरतेच आहे. घाटाच्या पूर्वेकडील कोरड्या हवेत तो नियमित फळत नाही; तेथे मूळचा सौराष्ट्रातील केशर अधिक भरवशाचा ठरतो. कोकणातही हापूसला वर्षाआड फळण्याची खोड आणि फळात साका होण्याची तक्रार आहे. त्यावर उपाय म्हणून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ हे वाण विकसित केले.

संत्री
वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड हा नागपुरी संत्र्याचा पट्टा. येथील काळ्या जमिनीत पाणी साचले, की मुळे कुजतात आणि बुंध्यावर डिंक्या दिसू लागतो. जमिनीत चुनखडी जादा असल्यास झाडाला लोह मिळत नाही व पाने पिवळी पडतात. जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर भरलेला डोळा जमिनीपासून वीतभर तरी उंच असावा. तो मातीत गाडला गेल्यास रोगाला वाट मिळते.

डाळिंब आणि सीताफळ
भारी जमीन म्हणजे चांगली जमीन, हा समज येथे खोटा ठरतो. सोलापूर-सांगोल्याच्या हलक्या, मुरमाड जमिनीत आणि कोरड्या हवेत भगवा डाळिंब उत्तम येतो. भारी जमिनीत मर रोग, तर पावसाळी दमट हवेत तेलकट डाग त्याला ग्रासतो. सीताफळ तर डोंगरउतारावरील खडकाळ जमिनीतही तग धरते.

द्राक्षे
जमीन बदलता येत नसली, तरी खुंट बदलता येतो. नाशिक-सांगलीच्या बागायतदारांनी क्षार आणि पाणीटंचाई सोसणाऱ्या डॉगरिज खुंटावर थॉमसन सीडलेसची कलमे करून हे दाखवून दिले आहे.

लागवडीपूर्वी
- एक मीटर खोल खड्डा खणून मातीचे थर पाहावेत. खाली कठीण खडक किंवा चोपण थर असल्यास मोठ्या फळझाडांचा विचार सोडावा.
- खड्ड्यात पाणी भरून निचरा पाहावा. पाणी दीर्घकाळ साचून राहिल्यास संत्रा व डाळिंब टाळावे.
- वरची, मधली व खालची माती वेगवेगळी तपासून घ्यावी. सामू, क्षार आणि मुक्त चुना यांचे प्रमाण आवर्जून पाहावे.
- विहिरीला मे महिन्यात किती पाणी असते, हे शेजारच्या शेतकऱ्याला विचारावे.
- कलमे शासकीय, विद्यापीठाच्या किंवा परवानाधारक रोपवाटिकेतूनच घ्यावीत आणि खुंट कोणता, हे पावतीवर लिहून घ्यावे.

परिसरातील दहा-पंधरा वर्षांच्या बागा पाहणे ही सर्वांत स्वस्त चाचणी. तेथे जे झाड निरोगी उभे आहे, त्याचाच विचार आधी करावा. बाजारभावाचा हिशेब त्यानंतरचा.