क्विल्ट प्रदर्शन

क्विल्ट प्रदर्शन म्हणजे कापडाचे थर एकत्र शिवून केलेल्या गोधड्या लोकांना पाहता याव्यात यासाठी केलेली त्यांची जाहीर मांडणी होय. अशा प्रदर्शनांत अंथरुणा-पांघरुणाच्या पारंपरिक गोधड्या, केवळ भिंतीवर लावण्यासाठी केलेल्या कला-गोधड्या आणि विणकाम, गाठकाम, भरतकाम यांवर आधारलेली तंतुकला यांचा समावेश होतो. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेच्या ग्रामीण जत्रांमध्ये या प्रथेने मूळ धरले. आज अशी प्रदर्शने अमेरिका, युरोप, जपान आणि भारत येथे भरतात. गोधडी ही मुळात घरातील वापराची वस्तू असल्यामुळे ती शिवणाऱ्या स्त्रीचे नाव सहसा घराबाहेर पोहोचत नसे. त्यामुळे प्रदर्शनात गोधडीशेजारी कोणाचे नाव लागते, हा प्रश्न या प्रदर्शनांच्या इतिहासात वारंवार पुढे आला आहे.

संज्ञा व स्वरूप

क्विल्ट साधारणपणे तीन थरांची असते : वरचे नक्षीदार कापड, मधले कापसाचे किंवा लोकरीचे भरण आणि खालचे अस्तर. हे तिन्ही थर आरपार टाक्यांनी जोडले जातात. वरचा थर लहान तुकडे जोडून करतात, किंवा अखंड कापडावर दुसऱ्या कापडाचे आकार शिवून बसवतात. मराठीत अशा पांघरुणास गोधडी किंवा वाकळ म्हणतात. तान्ह्या बाळासाठी केलेले लहान पांघरूण ते दुपटे. मात्र महाराष्ट्रातील गोधडीत वेगळे भरण असतेच असे नाही. जुनी लुगडी, धोतरे यांच्या घड्या एकमेकींवर पसरून धावदोऱ्याने शिवल्या की त्या थरांनाच ऊब येते.

आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या क्विल्टांमध्ये चौदाव्या शतकात सिसिलीत झालेल्या ट्रिस्टन क्विल्टची गणना होते. तिचा एक भाग लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

तंतुकला ही संज्ञा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. सूत, लोकर, ताग, दोरखंड यांसारख्या तंतूंचा वापर करून केलेल्या, परंतु उपयुक्ततेसाठी नव्हे तर कलाकृती म्हणून घडवलेल्या वस्तूंना ती लावली जाते.

इतिहास

जत्रांतील स्पर्धा

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील शेतकी जत्रांमध्ये धान्य, जनावरे, मुरंबे यांच्याबरोबरच गोधड्यांचीही स्पर्धा असे. हॅरिएट पॉवर्स यांची गोधडी अशाच एका जत्रेतून लोकांसमोर आली. पॉवर्स यांचा जन्म १८३७ साली जॉर्जिया राज्यात गुलामगिरीत झाला. बायबलमधील प्रसंग कापडी आकृत्यांतून दाखवणारी त्यांची गोधडी १८८६ साली त्या राज्यातील अथेन्स गावच्या कापूस-जत्रेत मांडली होती. तेथे ती जेनी स्मिथ या कलाशिक्षिकेच्या पाहण्यात आली. स्मिथ यांनी ती विकत मागितली, परंतु पॉवर्स यांनी नकार दिला. काही वर्षांनी आर्थिक ओढग्रस्तीमुळे त्यांनी ती पाच डॉलरला विकली. त्यांनी मागितलेली किंमत दहा डॉलर होती. विक्रीच्या वेळी पॉवर्स यांनी प्रत्येक चौकटीचा अर्थ सांगितला व स्मिथ यांनी तो लिहून घेतला. पुढेही पॉवर्स ती गोधडी पाहण्यासाठी अनेकदा येत. ही गोधडी आज वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे, तर त्यांची दुसरी ज्ञात गोधडी बोस्टनच्या ललित कला संग्रहालयात आहे. त्या काळातील असंख्य गोधड्या निनावी राहिल्या असताना पॉवर्स यांचे नाव आणि त्यांनी सांगितलेला अर्थ टिकून राहिला, तो या लेखी नोंदीमुळे.

शिकागो, १९३३

शिकागो येथील १९३३ च्या जागतिक मेळ्यानिमित्त सीअर्स या व्यापारी कंपनीने राष्ट्रीय गोधडी स्पर्धा घेतली. आर्थिक महामंदीच्या त्या दिवसांत सुमारे २४,००० गोधड्या स्पर्धेत आल्या. पहिले पारितोषिक १,००० डॉलरचे होते. ज्या गोधडीला ते मिळाले ती विजेतीने स्वतः शिवलेली नव्हती, तर मजुरी देऊन इतर स्त्रियांकडून शिवून घेतलेली होती, असे पुढे संशोधकांनी दाखवून दिले. शिवणाऱ्या स्त्रियांना पारितोषिकातील वाटा मिळाला नाही.

संग्रहालयाच्या भिंतीवर

१९७१ साली न्यू यॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जोनाथन होल्स्टाइन आणि गेल व्हॅन डर हूफ यांच्या संग्रहातील गोधड्यांचे प्रदर्शन भरले. अमेरिकन गोधड्यांतील अमूर्त आकृतिबंध हा त्याचा विषय होता. गोधड्या पांढऱ्या भिंतींवर आधुनिक चित्रांप्रमाणे टांगल्या होत्या. या प्रदर्शनाने कलासमीक्षकांचे लक्ष वेधले आणि गोधडीला संग्रहालयात स्थान मिळवून दिले. त्याच वेळी या मांडणीवर आक्षेपही घेतले गेले. कलेतिहासकार पॅट्रिशिया मेनार्डी यांनी १९७३ साली लिहिलेल्या निबंधात गोधडी ही स्त्रियांची स्वतंत्र कलापरंपरा असल्याचे प्रतिपादन केले व ती घडवणाऱ्या स्त्रियांना बाजूला सारून तिचे कौतुक करण्याच्या वृत्तीवर टीका केली.

गीज बेंड

गीज बेंड ही अलाबामा नदीच्या वळणावरील कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. तेथील स्त्रिया झिजलेले कामाचे कपडे, पोती व उरलेसुरले कापड यांपासून ठळक रंगांच्या गोधड्या शिवत. त्यांचे प्रदर्शन २००२ साली ह्यूस्टनच्या ललित कला संग्रहालयात आणि त्यानंतर व्हिटनी संग्रहालयात भरले. येथे प्रत्येक गोधडी तिच्या कर्त्या स्त्रीच्या नावासह मांडली होती. २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने या गोधड्यांवर तिकिटे काढली. कीर्तीबरोबर मोबदल्याचा प्रश्नही आला. २००७ साली वस्तीतील काही स्त्रियांनी गोधड्यांच्या विक्रीतून व त्यांच्या आकृतिबंधांच्या वापरातून आपल्याला योग्य वाटा मिळाला नाही, असे सांगत न्यायालयात दावे दाखल केले. ते २००८ साली आपसांत मिटवण्यात आले.

एड्स स्मृती गोधडी

क्लीव्ह जोन्स यांच्या कल्पनेतून साकारलेली एड्स स्मृती गोधडी प्रथम ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉल या मैदानावर अंथरण्यात आली. त्या दिवशी तिच्यात १,९२० फलक होते. प्रत्येक फलक तीन फूट रुंद आणि सहा फूट लांब, म्हणजे साधारण एका कबरीएवढा असतो. त्यावर एड्सने मृत्यू पावलेल्या व्यक्तीचे नाव आप्तेष्टांनी शिवलेले असते. ज्या काळात या आजाराने गेलेल्यांचा उल्लेखही अनेक घरांत टाळला जाई, त्या काळात ही नावे राजधानीत उघड्यावर मांडली गेली व मोठ्याने वाचली गेली. १९९६ साली ही गोधडी शेवटची एकसंध अंथरण्यात आली. आज तिच्यात सुमारे ५०,००० फलक असून वजन ५४ टन आहे. त्यामुळे आता तिचे भागच ठिकठिकाणी मांडले जातात.

प्रमुख प्रदर्शने

अमेरिकेतील ह्यूस्टन येथे दरवर्षी भरणारा आंतरराष्ट्रीय क्विल्ट महोत्सव या क्षेत्रातील मोठ्या मेळ्यांपैकी एक आहे. केंटकी राज्यातील पडूका गावी राष्ट्रीय क्विल्ट संग्रहालय असून तेथे वार्षिक स्पर्धाही होते. ओहायो राज्यात १९७९ पासून दर दोन वर्षांनी भरणारे क्विल्ट नॅशनल हे केवळ कला-गोधड्यांना वाहिलेले आहे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे २००३ पासून क्विल्ट महोत्सव भरतो. जपानमध्ये टोकियो येथील महोत्सव २००२ साली सुरू झाला. फ्रान्सच्या अल्सास प्रांतातील सेंट-मारी-ओ-मीन व आसपासच्या गावांत सप्टेंबरमध्ये प्रदर्शन भरते, तेव्हा तेथील चर्चमध्येही गोधड्या मांडल्या जातात.

व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने २०१० साली १७०० ते २०१० या काळातील ब्रिटिश क्विल्टांचे मोठे प्रदर्शन भरवले. त्यात ऑस्ट्रेलियाहून आणलेली राजा क्विल्टही होती. ही १८४१ साली ‘राजा’ नावाच्या जहाजावरून टास्मानियाला पाठवलेल्या कैदी स्त्रियांनी प्रवासात शिवली. साहित्य पुरवणाऱ्या समितीतील स्त्रियांचे आभार तिच्यावर टाक्यांनी लिहिलेले आहेत. शिवणाऱ्या कैदी स्त्रियांची नावे मात्र त्यात नाहीत.

तंतुकलेच्या क्षेत्रात स्वित्झर्लंडमधील लोझान येथे १९६२ ते १९९५ या काळात भरलेले द्वैवार्षिक प्रदर्शन महत्त्वाचे मानले जाते. पोलंडच्या मॅग्डालेना अबाकानोविच यांनी तेथे मांडलेल्या कामांमुळे विणलेले कापड भिंत सोडून शिल्पाप्रमाणे जागा व्यापू लागले. न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९६९ साली भिंतीवरील विणकामांचे प्रदर्शन केले.

मांडणी, जतन व परीक्षण

कापडाचा रंग प्रकाशाने उडतो व ही हानी भरून काढता येत नाही. म्हणून संग्रहालयांत जुन्या कापडासाठी प्रकाशाची तीव्रता साधारण ५० लक्सपर्यंत मर्यादित ठेवतात आणि काही महिन्यांनी वस्तू अंधाऱ्या कोठीत परत नेतात. गोधडी खिळ्यांवर न टांगता तिच्या मागे कापडी नळी शिवून तीत दांडी घालतात, म्हणजे वजन सर्व रुंदीवर सारखे विभागले जाते. अतिशय जीर्ण गोधड्या उतरत्या फळीवर पसरून ठेवतात.

स्पर्धात्मक प्रदर्शनांत रंगसंगती व रचना यांबरोबर टाक्यांची एकसारखी लांबी, कोपऱ्यांची जुळणी, कडेच्या पट्टीचे काम आणि गोधडी सपाट पडते की नाही, हे तपासतात. हातशिलाई व यंत्रशिलाई यांचे गट सामान्यतः वेगळे असतात. परीक्षणाच्या वेळी स्पर्धकाचे नाव बहुधा झाकलेले असते. निकालानंतर ते गोधडीशेजारी लावले जाते.

प्रत्यक्ष पाहणे

गोधडी दोन अंतरांवरून पाहावी लागते. दहा-बारा पावलांवरून एकूण रचना, रंगांचा तोल व आकारांची पुनरावृत्ती ध्यानात येते. हातभर अंतरावरून टाके, कापडाचा पोत, झीज आणि मागाहून लावलेली ठिगळे दिसतात. टाक्यांमुळे पडलेले उंचसखल भाग बाजूने येणाऱ्या प्रकाशात अधिक स्पष्ट होतात. गोधडीची मागची बाजूही महत्त्वाची असते, कारण टाक्यांची शिस्त तेथे लपत नाही. हाताच्या घामाने व तेलकटपणाने कापड खराब होत असल्याने स्पर्श करण्यास मनाई असते. अनेक अमेरिकन मेळ्यांत पांढरे हातमोजे घातलेले स्वयंसेवक विनंती केल्यास कड उलटून मागची बाजू दाखवतात. छायाचित्रे घेण्याचे नियम प्रदर्शनागणिक वेगळे असतात.

आंतरजालावरील प्रदर्शने

नेब्रास्का राज्यातील लिंकन येथील आंतरराष्ट्रीय क्विल्ट संग्रहालयाचा संग्रह आंतरजालावर पाहता येतो. क्विल्ट इंडेक्स या मुक्त सूचीत अनेक संस्थांकडील व खासगी संग्रहांतील हजारो गोधड्यांची छायाचित्रे व माहिती एकत्र केलेली आहे. संपूर्ण एड्स स्मृती गोधडीही आंतरजालावर उपलब्ध असून नावावरून फलक शोधता येतो. २०२० साली कोविड साथीमुळे मेळे रद्द झाल्यावर अशा दर्शनाला चालना मिळाली.

या पद्धतीचे लाभ उघड आहेत. प्रवासखर्च न करता जगभरचे काम पाहता येते, चित्र मोठे करून टाके तपासता येतात आणि दूरदूरच्या संग्रहांतील दोन गोधड्या शेजारी ठेवून तुलना करता येते. मर्यादाही आहेत. पडद्यावर बाळाचे दुपटे व दोन माणसांचे पांघरूण एकाच आकाराचे दिसते, म्हणून लांबी-रुंदीची नोंद आधी वाचणे आवश्यक ठरते. रंग पडद्यागणिक बदलतात. जाडी, वजन व पोत यांचा अंदाज येत नाही.

भारत व महाराष्ट्र

बंगालमधील कांथा ही भारतातील सर्वाधिक अभ्यासली गेलेली गोधडी-परंपरा होय. कोलकात्याच्या गुरुसदय संग्रहालयात कांथांचा महत्त्वाचा संग्रह आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया कला संग्रहालयाने २००९-१० मध्ये कांथांचे प्रदर्शन भरवले. त्यात कलेतिहासकार स्टेला क्रामरिश यांच्या संग्रहातील कांथांचा समावेश होता. काही कांथांवर शिवणाऱ्या स्त्रीने आपले नाव भरलेले आढळते.

उत्तर कर्नाटकातील सिद्दी समाजातील स्त्रिया ‘कवंद’ नावाच्या गोधड्या शिवतात. या समाजातील अनेकांचे पूर्वज पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणले होते व तेथून निसटून ते जंगलात वसले. कवंदाच्या कोपऱ्यांवर ‘फुला’ नावाच्या त्रिकोणी घड्या बसवल्याशिवाय ते पूर्ण झाले असे मानत नाहीत. या गोधड्यांचे प्रदर्शन २०११ साली न्यू यॉर्कच्या शोम्बर्ग केंद्रात झाले.

महाराष्ट्रातील गोधड्यांवर मुंबईच्या गोधडीकार गीता खंडेलवाल यांनी ग्रंथ लिहिला आहे. तंतुकलेत मुंबईत जन्मलेल्या शिल्पकार मृणालिनी मुखर्जी (१९४९-२०१५) यांचे स्थान मोठे आहे. तागासारख्या तंतूंच्या दोरांना गाठी मारून त्यांनी घडवलेल्या भव्य आकृत्या २०१९ साली न्यू यॉर्कच्या मेट ब्रॉयर संग्रहालयात प्रदर्शित झाल्या.

नोंद व नामपट्टी

गोधडीच्या मागे कापडी नामपट्टी शिवण्याची पद्धत आता अनेक देशांतील गोधडीकारांमध्ये रूढ आहे. तिच्यावर शिवणाऱ्याचे नाव, गाव व वर्ष लिहितात. कोणासाठी शिवली, हेही काही वेळा नोंदवतात. जुन्या गोधडीबाबत ही माहिती घरातील वडीलधाऱ्यांकडून विचारून घ्यावी लागते. कापड कोणाच्या लुगड्याचे, शिवायला कोण बसत असे, मजुरी देऊन शिवून घेतली की घरीच, या गोष्टी कापड पाहून कळत नाहीत. ही नोंद वस्तूसोबत नसेल, तर प्रदर्शनातील पाटीवर ‘कर्ता अज्ञात’ एवढेच लिहावे लागते.