स्वतःच्याच टॉर्पेडोने बुडालेली 'टँग'

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ५२ पाणबुड्या गमावल्या. त्यांपैकी 'टँग' शत्रूच्या माऱ्याने नव्हे, तर तिनेच सोडलेल्या टॉर्पेडोने बुडाली. हे कसे घडले आणि तिच्यातील काही माणसे ५५ मीटर खोलीवरून वर कशी आली, ते आपण पाहू.

कॅलिफोर्नियातील मेअर आयलंड गोदीत बांधलेली 'टँग' ऑक्टोबर १९४३ मध्ये नौदलात दाखल झाली. तिचे कप्तान होते रिचर्ड ओकेन. वर्षभरात तिने पाच मोहिमा केल्या. युद्धानंतरच्या मोजणीत तिच्या नावावर २४ जपानी जहाजे नोंदली गेली. एप्रिल-मे १९४४ मध्ये ट्रुक बेटांजवळ समुद्रात पडलेल्या विमानांतील २२ अमेरिकी सैनिकांना तिने वाचवलेही होते.

२५ ऑक्टोबर १९४४ च्या मध्यरात्रीनंतर तैवानच्या सामुद्रधुनीत तिने आपला शेवटचा, चोविसावा टॉर्पेडो सोडला. तो डावीकडे वळला आणि गोल फिरून परत येऊ लागला. पाणबुडी पृष्ठभागावरच होती. ओकेन यांनी वेग वाढवून ती बाजूला काढण्याचा हुकूम दिला. पण काही सेकंदांतच टॉर्पेडो तिच्या मागच्या भागावर आदळला.

टॉर्पेडोला सरळ ठेवतो तो जायरोस्कोप. सायकलचे चाक दोन्ही हातांनी आसाशी धरून जोरात फिरवा आणि आस वळवून पाहा. चाक विरोध करते. वेगाने फिरणाऱ्या चाकाचा आस आपली दिशा सोडत नाही. टॉर्पेडो या दिशेपासून ढळला की सुकाणू वळते व त्याला मार्गावर आणते. पण सुकाणूच एका बाजूला अडकले, किंवा जायरोस्कोप बिघडला, तर टॉर्पेडो वर्तुळात फिरतो. ही गोष्ट नौदलाला ठाऊक होती. काही पाणबुड्या अशा टॉर्पेडोंतून थोडक्यात बचावल्या होत्या. मार्च १९४४ मध्ये 'टुलिबी' बहुधा याच कारणाने बुडाली, आणि तिच्यातला एकच नाविक वाचला. तरीही भरकटलेल्या टॉर्पेडोला निकामी करणारी सोय 'टँग'वरील टॉर्पेडोंत नव्हती.

'टँग' तळाशी टेकली. सुमारे तीस जण पुढच्या टॉर्पेडो कक्षात जमले. समजा, सुटकेची झडप ६० सेंटिमीटर व्यासाची आहे. समुद्रात दर १० मीटरला दाब सुमारे एक वातावरण वाढतो. म्हणजे ५५ मीटरवर त्या झडपेवर पाण्याचा सुमारे १६ टन भार येईल. तो ढकलणे माणसाला अशक्य. म्हणून सुटकेच्या छोट्या कोठडीत पाणी घेऊन आतला दाब बाहेरच्याइतका करतात. मग झडप सहज उघडते.

पुढचा धोका फुप्फुसांचा. तिथे एकूण दाब साडेसहा वातावरणे असतो. तिथली एक लिटर हवा पृष्ठभागावर साडेसहा लिटर होते. श्वास रोखून वर येणाऱ्याची फुप्फुसे फाटू शकतात. 'मॉमसेन लंग' या छातीवरच्या पिशवीत प्राणवायू असे, सोडा लाइम उच्छ्वासातील कार्बन डायॉक्साइड शोषून घेई आणि जादा हवा बाहेर निघे.

या साधनाच्या आधाराने तेरा जण बाहेर पडले. आठ जण पृष्ठभागावर पोचले. त्यांतले पाच जगले. शिवाय पुलावरचे तीन आणि वरच्या बुरुजातून निसटलेला एक, असे एकूण नऊ जण जपानी जहाजाने उचलले. ८७ पैकी ७८ जण गेले.

त्या जहाजावर 'टँग'ने बुडवलेल्या जहाजांतील भाजलेले खलाशीही होते. त्यांनी कैद्यांना मारहाण केली. मारणारे कोण हे कळल्यावर तो मार कमी कडवटपणे सोसता आला, असे ओकेन यांनी पुढे नमूद केले. नऊही जण युद्ध संपेपर्यंत कैदेत राहिले आणि जिवंत परतले.

हा धडा शिकवताना विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारावा : यंत्राचा एक भाग अडकला तर काय होईल, याचा विचार करणे कोणाचे काम? 'टँग'वर ते काम राहून गेले होते.