धुराचा हिशेब कोणाच्या खात्यावर?

आमच्या वाशीहून समुद्र फार लांब. इथल्या कित्येकांनी जहाज पाहिले ते भूगोलाच्या पुस्तकातच! तरीही आज जहाजांवर लिहितो आहे. हवामान बदलाच्या चर्चेत कारखाने येतात, मोटारी येतात; जहाजाकडे फारसे कोणी बघत नाही. आणि पाऊस चुकला की झळ बसते ती आमच्यासारख्या कोरडवाहू तालुक्याला.

लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईला आले. १७५० मध्ये तिथे पहिली सुकी गोदी झाली. पुढे वाडियांच्या पिढ्यांनी मलबारच्या सागवानाची जहाजे बांधली, तीही इंग्रजांच्या आरमारासाठी! १८१७ साली पाण्यात उतरलेले 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाहायला मिळते. ही जहाजे वाऱ्यावर चालत. (जंगले तुटली, तो हिशेब निराळा.) आता आमच्या माळावर पवनचक्क्या फिरताना दिसतात तेव्हा वाटते, वाऱ्याला पुन्हा कामाला लावायला आपल्याला दोनशे वर्षे लागली...

मग वाफ आली. 'ह्यू लिंडसे' ही ४११ टनांची आगबोट मुंबईतच बांधली गेली आणि मार्च १८३० मध्ये सुवेझकडे निघाली. कोळशाला जागा पुरेना म्हणून माणसांच्या खोल्यांतही कोळसा भरला! एडनला पोचेपर्यंत तो जवळजवळ संपला होता. गंमत म्हणजे हा कोळसा इंग्लंडहून आफ्रिकेला वळसा घालून शिडाच्या जहाजांतून येई. १८३९ साली इंग्रजांनी एडन घेतले, त्यामागे कोळशाचा साठा ठेवण्याची सोय हे एक मोठे कारण होते. इंधनापायी परक्याचे बंदर घ्यायचे, ही रीत तेव्हापासूनची.

माझगावची गोदी निराळी. तिची सुरुवात १७७४ ची, कंपनी झाली १९३४ साली, सरकारने ती १९६० मध्ये घेतली. युद्धनौका आणि पाणबुड्या बांधणारी हीच ती 'माझगाव डॉक'. २०२० साली तिचे शेअर बाजारात आले. बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना 'सेबी'च्या नियमाने २०२२-२३ पासून प्रदूषणाचा हिशेब छापावा लागतो. त्यात तीन खाती आहेत. गोदीत जाळलेले डिझेल आणि गॅस हे पहिले. विकत घेतलेली वीज दुसरे. ही दोन्ही सक्तीची. तिसऱ्यात विकत घेतलेले पोलाद येते आणि तयार जहाज पुढे आयुष्यभर जो धूर सोडेल तोही. हे तिसरे खाते ऐच्छिक!

माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. बोअर मारणाऱ्या गाडीने आपले डिझेल तेवढे मोजावे आणि त्या बोअरमधून पुढे किती पाणी उपसले गेले ते विचारूच नये, तसे हे झाले. गोदीच्या छपरावर सौर पॅनेल बसवणे चांगलेच, पण जहाजाचा खरा धूर गोदीत नसतो. तो पोलादाच्या भट्टीत असतो आणि समुद्रावर असतो.

मग समुद्रावरचा धूर कोणाच्या नावे? १९९७ च्या क्योटो करारात परदेशी वाहतुकीच्या जहाजांचा प्रश्न देशांच्या खात्यातून काढून लंडनच्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेकडे सोपवला गेला. जगाच्या एकूण उत्सर्जनात जहाजांचा वाटा २०१८ साली सुमारे २.९ टक्के होता. २०५० च्या सुमारास तो शून्यावर आणायचे या संघटनेने २०२३ मध्ये ठरवले. पण त्यासाठीच्या दंडाच्या नियमांवरचा निर्णय ऑक्टोबर २०२५ मध्ये वर्षभर पुढे ढकलला. युद्धनौकांचे तर विचारूच नका. सैन्याच्या इंधनाचा वेगळा हिशेब द्यायची सक्ती २०१५ च्या पॅरिस करारातही नाही. देशाच्या रक्षणाला जहाजे हवीत, त्यात दुमत नाही. पण हवीत म्हणून मोजायचीच नाहीत, हे काही पटत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये माझगावने बांधलेली 'सूरत' ही विनाशिका नौदलात आली. वाडियांच्या गावाचेच नाव! तिला गॅस टर्बाइनची इंजिने आहेत. ती तीस वर्षे चालली तर २०५५ उजाडेल. भारताने निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी २०७० साल दिले आहे. आज ज्या जहाजाचा पहिला पत्रा कापला जाईल, ते २०६० नंतरही पाण्यावर असेल, आणि त्याचे इंजिन कोणते असावे हे मात्र आजच ठरते आहे.