फाळ लागणे

नांगरताना फाळाच्या घावाने बैलाच्या मागच्या पायाच्या कंडरा कापल्या जाणे, यास फाळ लागणे म्हणतात. नांदेड-लातूर भागात, धर्माबाद परिसरासह, लाल कंधारी व देवणी बैल औताला जुंपले जातात. बैल अचानक मागे सरल्यास ही इजा संभवते.

जखमेच्या आकारावरून इजेची खोली कळत नाही. निदान खुराच्या ठेवणीवरून होते. मागील बाजूची वरवरची कंडरा तुटल्यास खुरावरचा सांधा खाली बसतो; खोल कंडराही तुटल्यास खुराचे टोक वर उचलले जाते. पुढील बाजूची कंडरा तुटल्यास खूर मुडपतो. ही इजा तुलनेने चांगली भरून येते. बोलीत कंडरा व रक्तवाहिनी दोन्हींस 'शीर' म्हणतात, त्यामुळे 'शीर तुटली' एवढ्या निरोपावरून अर्थबोध होत नाही.

जखम स्वच्छ पाण्याने धुवून स्वच्छ कापडाने दाबून धरावी, बैल चालवू नये. राख, चुना किंवा माती भरल्यास जंतुसंसर्ग वाढतो; मग टाके टिकत नाहीत. पशुवैद्यक ताज्या जखमेतील कंडरेची टोके शिवून पायाला प्लास्टर घालतात. त्यानंतर कित्येक आठवडे विश्रांती लागते, म्हणजे तो हंगाम बहुधा बैलाविना जातो. दोन्ही मागील कंडरा तुटलेला बैल पुन्हा औताला येईलच असे नाही. उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.