बियाची ऊब

परवा नारायणगावकडे एका रोपवाटिकेत गेलो होतो. टोमॅटोचं बी पेरलेले ट्रे एकावर एक रचून वरून काळं प्लास्टिक गुंडाळलेलं. कशाला, म्हणून विचारलं तर तिथला पोरगा म्हणाला, "गुरुजी, थंडी आहे. आतली ऊब टिकली पाहिजे." मला एकदम आई आठवली.

आईचं माहेर जुनं आंबेगाव, आता डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. माघात कारली-दोडकी टोकायची असली की ती बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवायची, ओल्या फडक्यात बांधायची आणि चुलीच्या वैलाजवळ पेंढ्यात ठेवायची. मोड दिसला की मगच बी वावरात. घरात थर्मामीटर नव्हता, हात लावून समजायचं.

१९८१ च्या डिसेंबरात अण्णांनी विहिरीच्या पाण्यावर टोमॅटोचा वाफा टाकला. जागा आंब्याखालची, दिवसभर सावली. दहा दिवस झाले तरी काही उगवेना. आई म्हणाली, "गारठा आहे, वेळ लागंल." अण्णांनी ऐकलं नाही. बी खोटं दिलं म्हणून दुकानदाराशी भांडले आणि वाफा मोडला. शिकलेला मुलगा म्हणून मला विचारलं, तर मीही मान डोलावली!

निवृत्तीनंतर कॅलिफोर्नियातल्या हॅरिंग्टन यांचा १९५४ चा तक्ता पाहण्यात आला. टोमॅटोचं बी २५ ते ३० अंशांना सहा दिवसांत उगवतं, २० ला आठ, १५ ला चौदा आणि १० ला तब्बल त्रेचाळीस. बी पाणी पितं, पण गारठ्यात आतलं काम मंदावतं. कांदा सोशिक, त्याला १५ अंशांतही सातच दिवस लागतात. पालक उलटा, ३५ ला उगवतच नाही. एप्रिलात त्याने मला दोनदा फसवलंय. असो.

आमचे आजोबा नक्षत्र बघून पेरायचे, तेव्हा ऊब आपोआप जमायची. कुकडी प्रकल्पाचं पाणी आलं, जुन्नर-आंबेगावात भाजीपाला बारमाही झाला आणि ऊब मुद्दाम जमवावी लागू लागली.

म्हणजे आणखी चार-पाच दिवस थांबायला हवं होतं. त्या दुकानात आम्ही पुन्हा गेलो नाही. दुकानदार समोर आला की अण्णा तोंड फिरवायचे. तो वारला तेव्हा तक्ता माझ्या वाचनात आलेला होता. भेटायला गेलो, त्याच्या मुलाशेजारी बसलो, चहा घेतला. पण वाफ्याचा विषय काही काढता आला नाही.