कापूस-कारखान्यांचीं बॉयलर-दप्तरें

बार्शीटाकळीस संशोधक जातो तो कालंकादेवीच्या देवळाचा शके १०९८ चा लेख पाहण्यासाठीं. ज्या कापसाच्या मुलुखांतून तो जातो, तेथील वाफेवर चाललेल्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या दप्तरांकडे मात्र कोणी ढुंकून पाहत नाहीं.

या कारखान्यांचा हंगाम कापूस येतांच सुरू होई व उन्हाळ्यांत संपे. बॉयलर पावसाळाभर थंड राही, आणि त्यास खरें भय तेव्हांच. आंत ओल व हवा एकत्र आली कीं पत्रा गंजतो. म्हणून दीर्घ विश्रांतीपूर्वीं तो रिकामा करून, खपली खरवडून, पुरता वाळवून, आंत कळीच्या चुन्याचीं ताटें ठेवून झांकणें घट्ट बसवावयाचीं; थोड्या दिवसांसाठीं क्षारयुक्त पाण्यानें कांठोकांठ भरणें पुरे. पुन्हां पेटवितांना विस्तव मंद हवा, नाहीं तर पत्रे विषम ताणले जाऊन सांधे गळतात. विझवितांनाही तीच सबुरी.

कलकत्त्यास १८६३ त बॉयलर फुटून माणसें दगावलीं, तेव्हां बंगालचा १८६४ चा कायदा झाला. पुढें प्रांतोप्रांतींचे कायदे जाऊन १९२३ चा एकच आला. २०२५ मध्यें त्याचीही जागा नव्यानें घेतली. १९२३ च्या मूळ कायद्यान्वयें बॉयलरचा दाखला बारा महिन्यांपलीकडे चालत नसे, व अपघात चोवीस तासांत कळवावा लागे. दाखल्यांवरील दाब सालोसाल उतरत गेलेला दिसल्यास पत्र्याची झीज ताडतां येते; आणि नोंदवहींत पेटविल्याची तारीख सांपडली, तर त्या सालीं कापूस केव्हां आला याचाही सुगावा लागतो. जुना कारखाना मोडतांना लोखंडास गिऱ्हाईक मिळतें. वही रद्दींत जाते.