स्वल्पविराम आपल्याकडे आला कुठून?

मिहानमधल्या पोरांच्या इंग्रजीवर नागपुरात विनोद फार चालतात. 'डू द नीडफुल', 'रिव्हर्ट बॅक', 'मायसेल्फ अमुकतमुक'. मी तिथल्याच एका कंपनीत कॉपी एडिटर आहे. म्हणजे परदेशातल्या ग्राहकाकडे जाणारा इंग्रजी मजकूर आधी वाचायचा, दुरुस्त करायचा आणि मग सोडायचा. आर्वी, वणी, काटोल, ब्रह्मपुरीच्या मराठी शाळांतून आलेली मुलं रोज माझ्या टेबलाशी उभी असतात. "सर, इथे कॉमा येतो का?" हा प्रश्न दिवसातून दहादा ऐकतो. नियम सांगून होतो, पण मला नेहमी वाटतं की नियमाआधी त्याचा इतिहास सांगितला तर यांची निम्मी लाज तिथेच गळून पडेल. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, सवडीनं वाचा.

पहिली गोष्ट म्हणजे कॉमा ही इंग्रजांचीही वडिलोपार्जित इस्टेट नाही. आज आपण जो कॉमा आणि जो अर्धविराम वापरतो, त्यांना हे रूप दिलं ते व्हेनिसमधल्या आल्डस मॅन्युशियस या छापखानेवाल्यानं, १४९० च्या दशकात. त्याआधी नक्कल करणारा आपल्या मर्जीनं ठिपके आणि रेघा टाकायचा. ज्या 'ऑक्सफर्ड कॉमा'वरून लोक आजही भांडतात, तो तर ऑक्सफर्डच्या विद्यापीठ छापखान्याचा एक घरगुती नियम. तिथल्या होरेस हार्ट यांनी १८९३ मध्ये आपल्या जुळाऱ्यांसाठी नियम लिहून काढले, त्यांतला. कामगारांनी एकसारखं काम करावं, एवढाच हेतू. देवानं दिलेलं काही नाही.

आता आपलं बघा. जुन्या घरांच्या पेट्यांत मोडीतले कागद सापडतात. आधी वर रेघ ओढून घ्यायची आणि तिच्याखाली हात शक्य तितका न उचलता लिहीत जायचं. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्ह नाही. तरी त्यावर राज्य चाललं, वसुली झाली, वाटण्या झाल्या. कसं काय? एक तर मायना ठरलेला, कागद वाचणारा कारकूनही त्याच तालमीतला. आणि दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं. 'केले', 'दिले', 'असे' आलं की वाक्य संपलं, हे कानाला आपोआप कळतं. आपलं क्रियापदच पूर्णविरामाचं काम करतं. इंग्रजीत क्रियापद मधेच येऊन जातं आणि शेपूट मागे लांबत राहते. त्या शेपटीचा कुठला तुकडा कशाला जोडायचा, हे सांगायला खुणा लागतात.

म्हणून मुलांकडून सगळ्यात जास्त होणारी गडबड ही आळसाची नसते. 'तो आला, मी निघालो' हे मराठीत झकास वाक्य आहे. तसंच इंग्रजीत लिहिलं की चूक धरतात, कारण तिथे दोन पूर्ण वाक्यं नुसत्या कॉमानं जोडत नाहीत. पूर्णविराम द्या, अर्धविराम द्या, नाहीतर 'अँड' घाला. 'डिस्कस अबाउट'चंही तेच. आपण 'त्याबद्दल चर्चा' करतो, तो 'बद्दल' उचलून इंग्रजीत नेतो. 'डिस्कस'च्या पोटात तो आधीच आहे. आणि 'द' कुठे लावायचा हा प्रश्न तर मराठी माणसाला पडणारच, कारण आपल्या भाषेत ती वस्तूच नाही. मी एवढंच सांगतो की वाचणाऱ्याला 'कोणता?' हे आधीच माहीत असेल तर 'द', नसेल तर 'अ'. शंभरातल्या ऐंशी जागी काम भागतं, उरलेल्या वीससाठी मी बसलोय.

मराठीत ही चिन्हं रुळवण्याचं श्रेय दिलं जातं ते थॉमस कँडी या इंग्रज फौजी अधिकाऱ्याला. १८३२ च्या ६ जानेवारीला बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' मुंबईत सुरू झालं, तेव्हा त्यात इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारीशेजारी छापला जायचा. दोन भाषा अशा एका पानावर आल्या की एकीचे नखरे दुसरीला लागणारच. कँडीनं आधी मोल्सवर्थला शब्दकोशात हात दिला, पुढे १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश पुरा केला, आणि १८५० साली 'विरामचिन्हांची परिभाषा' नावाची छोटी पुस्तिका काढली. शाळाखात्याची मराठी पुस्तकं त्याच्या नजरेखालून जायची. दंडसंहितेच्या मराठी भाषांतरातही त्याचा हात होता. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर मराठीचा पहिला सरकारी कॉपी एडिटर हाच.

लोक खूश होते असं नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ पासून 'निबंधमाले'त या सरकारी, इंग्रजी वळणाच्या मराठीला चांगलंच झोडपलं. गंमत अशी की शास्त्रीबुवांचीच वाक्यं स्वल्पविराम आणि अर्धविरामांनी गच्च भरलेली. साहेबाची मराठी नको होती, साहेबाचा अर्धविराम मात्र त्यांनी मनापासून वापरला. मला यात विसंगती दिसत नाही. हत्यार कोणाच्या दुकानातलं आहे, यापेक्षा आपल्याला ते चालवता येतं का, हे बघावं.

आता 'डू द नीडफुल'. हे आपण बिघडवलेलं इंग्रजी नाही. एकोणिसाव्या शतकात खुद्द इंग्लंडात हा धडधडीत प्रतिष्ठित शब्दप्रयोग होता. 'द सेम' हे 'ते' या अर्थानं वापरणंसुद्धा तिथल्याच जुन्या व्यापारी पत्रांतलं. भोसल्यांचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालं, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि नागपूर राजधानी. मग कचेऱ्या आल्या, कोर्टं आली, हिस्लॉप कॉलेज (१८८३) आणि मॉरिस कॉलेज (१८८५) आलं. आपल्या पणजोबांनी साहेबाच्या पत्राचा नमुना गिरवला. साहेब घरी जाऊन बदलला, आपण नमुना जपून ठेवला. 'प्रीपोन' हा तर आपला शब्द, आणि तो ऑक्सफर्डच्या कोशात जाऊन बसलाय. तो मी खोडत नाही. ग्राहक अमेरिकन असेल तरच बदलतो, कारण त्याला कळणार नाही. 'डू द नीडफुल' मात्र खोडतो, पण जुनाट आहे म्हणून नव्हे. त्यात काय करायचं, कोणी करायचं आणि कधीपर्यंत, यातलं काहीच सांगितलेलं नसतं म्हणून.

तसंच आकड्यांचं. १२,५०,००० असं आपण लिहितो तेव्हा कॉमा लाखाच्या हिशेबानं पडतो. अमेरिकेतल्या माणसाला वाटतं की टायपिंग चुकलं. आणि ०५/०६ ही तारीख आपल्याला ५ जून, त्याला ६ मे. महिन्याचं नाव अक्षरांत लिहा. यावरून माल एक महिना उशिरा निघू शकतो.

कोणी म्हणेल, एवढ्याशा टिंबानं काय बिघडतं? भारतात सुप्रीम कोर्टानं १९५२ च्या एका निकालात म्हटलं होतं की कायद्याचा अर्थ लावताना विरामचिन्ह ही दुय्यम गोष्ट आहे. पण पुढे महाराष्ट्र सरकारविरुद्धचा एक खटला तिथे पोचला. १९७९ च्या लॉ रिपोर्टांत तो छापलेला आहे. औषधं आणि प्रसाधनांच्या १९४० च्या कायद्यातलं कलम २७. विनापरवाना औषध विक्रीसाठी बनवणं, कॉमा, विकणं, कॉमा, आणि मग 'स्टॉक्स ऑर एक्झिबिट्स फॉर सेल'. 'स्टॉक्स'नंतर कॉमा नाही. कोर्ट म्हणालं, म्हणजे 'फॉर सेल' हे साठवण्यालाही लागू आहे. नुसतं जवळ बाळगणं हा या कलमाखाली गुन्हा नाही, साठा विक्रीसाठी होता हे सरकारनं दाखवावं. नसलेल्या एका कॉमावर माणसाची कैद टांगलेली होती.

अमेरिकेतल्या मेन राज्यात २०१७ साली असाच प्रकार झाला. ओकहर्स्ट डेअरीच्या ड्रायव्हरांना जादा कामाचा दर मिळत नव्हता, कारण कायद्यानं त्यातून वगळलेल्या कामांच्या यादीच्या शेवटी 'पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी पॅकिंग' की 'पाठवणीसाठी पॅकिंग, किंवा वितरण' हे कळत नव्हतं. मधला कॉमा गायब. ड्रायव्हर वितरण करायचे, पॅकिंग नाही. अपील कोर्टानं त्यांच्या बाजूनं कौल दिला आणि पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. बिचाऱ्या हार्टनं जुळाऱ्यांसाठी लिहिलेला नियम ड्रायव्हरांच्या पगारापर्यंत गेला.

आणि आता घराजवळ या. ज्या काचेच्या इमारतीत बसून मी हे कॉमे दुरुस्त करतो, तिच्याखालची जमीन शेतीची होती. महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी २००२ मध्ये स्थापन झाली, आणि खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव, शिवणगाव ही नावं नोटिशींत यायला लागली. तेव्हा भूसंपादनाचा कायदा १८९४ चाच चालू होता. त्यातल्या कलम ३१ मध्ये एक वाक्य आहे. इंग्रजीत ते असं वाचलं जातं: 'नो पर्सन हू हॅज रिसीव्ड द अमाउंट अदरवाइज दॅन अंडर प्रोटेस्ट शॅल बी एन्टायटल्ड टू मेक एनी अ‍ॅप्लिकेशन अंडर सेक्शन १८'.

परत वाचा. सुरुवातीला 'नो', मधे 'अदरवाइज दॅन'. नकारात नकार. कोणावर काय गुदरणार आहे हे कळायला इंग्रजी शाळेत शिकलेल्यालाही दोनदा वाचावं लागतं. माझ्या टेबलावर हे आलं असतं तर मी दोन वाक्यं केली असती: 'मोबदला कमी वाटत असेल तर पैसे घेताना हरकत लेखी नोंदवा. तशी नोंद न करता पैसे घेतले, तर वाढीव मोबदल्यासाठी कलम १८ खाली अर्ज करता येणार नाही.' बस. पाचवीतल्या पोरीनं आजोबांना वाचून दाखवावं इतकं सोपं.

त्याच कलम १८ मध्ये मुदतीचं वाक्य आहे. निवाड्याच्या वेळी हजर नसलात तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे, किंवा निवाड्यापासून सहा महिने, आणि शेवटी चार-पाच शब्दांची शेपटी: यातली जी मुदत आधी संपेल ती. शेपूट वाचायची राहिली की माणूस सहा महिने धरून बसतो आणि सहा आठवडे कधीच उलटून गेलेले असतात. मी नवीन मुलांना म्हणतो की वाक्याचा अर्थ बदलणारी अट कधीही शेवटी टाकू नका, पुढे आणा. ही शिकवण मी व्याकरणाच्या पुस्तकातून नाही, या कलमातून घेतलीय.

कोर्टांनी पुढे थोडी ढील दिली, हेही खरं. १९९४ मध्ये सुप्रीम कोर्टानं एका प्रकरणात म्हटलं की मुदतीत कलम १८ चा अर्ज केला, यातच हरकत आली. म्हणजे वाक्य इतकं अवघड होतं की त्याचा रोजच्या माणसाला झेपेल असा अर्थ लावायला देशातलं सगळ्यात मोठं कोर्ट लागलं, शंभर वर्षांनी.

२०१३ मध्ये नवा भूसंपादन कायदा आला. मोबदला वाढला, पुनर्वसन आलं, अधिसूचना स्थानिक भाषेत ग्रामपंचायतीत लावायचं बंधन आलं. चांगलं झालं. पण कलम ७७ उघडून बघा. पैसे देण्याबद्दलच्या परंतुकात तेच वाक्य जसंच्या तसं बसलंय, 'नो पर्सन'पासून 'अदरवाइज दॅन अंडर प्रोटेस्ट'पर्यंत, फक्त कलम १८ च्या जागी कलम ६४. मी वकील नाही, वाक्यं तपासणारा माणूस आहे, कायद्याचा सल्ला वकिलाकडूनच घ्या. पण ज्यांच्या घरी अशी नोटीस आली असेल, येणार असेल, त्यांनी पैशाच्या पावतीवर सही करण्याआधी हे दोन शब्द शोधा. मराठी प्रत आणि इंग्रजी प्रत शेजारी ठेवा, 'किंवा', 'वगळता', 'खेरीज', 'यापैकी आधी' याखाली पेन्सिलीनं रेघ ओढा. घरातलं मिहानला जाणारं पोरगं असेल तर त्याला बसवा. 'रिव्हर्ट बॅक' लिहीत असेल, लिहू द्या.